इजिप्तमधला बुद्ध, जळालेली पुस्तकं आणि विहिरीतली नाणी

उत्खननाच्या बातम्यांबद्दल काहीही विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर मेलवर, व्हॉट्सॲपवर आणि दोन पोस्टकार्डांवरसुद्धा प्रश्न आले, वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सगळे घेता येत नाहीयेत, सारखे होते ते एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, ती मुद्दामच लांबू दिलीत.

प्रश्न: मी ३५ वर्षं नालासोपाऱ्यात राहतोय. मुलगी म्हणते इजिप्तमध्ये बुद्धाची मूर्ती सापडली आणि त्याचा आपल्या सोपाऱ्याशी संबंध आहे. खरं का हो? (रेल्वेतून निवृत्त, नालासोपारा पश्चिम)

काका, मूर्ती सापडली हे अगदी खरं. सोपाऱ्याशी संबंध आहे, पण तो कसा ते नीट सांगावं लागेल.

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे, आज तिथे नुसती वाळू, पण रोमन काळात भारताकडे येणारी जहाजं तिथून सुटायची. तिथे पोलिश आणि अमेरिकन लोकांची टीम कित्येक वर्षं खणतेय, त्यांना इसिस देवीच्या देवळाच्या पुढच्या अंगणात ही मूर्ती मिळाली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बातमी जाहीर झाली. ७१ सेंटिमीटरचा उभा बुद्ध, डाव्या हातात चीवर धरलेलं, डोक्यामागे प्रभावळ आणि तिच्यात सूर्याचे किरण, बाजूला कमळ. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली मूर्ती असावी असं धरतात.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू, तो दगड. तो भारतातला नाहीच, संशोधकांच्या मते इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या खाणीतला आहे आणि मूर्ती बहुतेक बेरेनिकेतच घडवलेली असावी. म्हणजे कोणीतरी गाठोड्यात बांधून मूर्ती नेली असं नाही झालेलं, बुद्ध कसा दिसतो हे पक्कं माहीत असलेलं माणूस तिथे होतं, त्याने तिथल्या कारागिराला समजावलं असेल की बाबा हात असा, वस्त्र असं, पैसे मोजले असतील, आणि मग ती मूर्ती दुसऱ्याच देवीच्या अंगणात ठेवली आणि तिथल्या पुजाऱ्यांनी ठेवू दिली. हीच मूर्ती नुसती एखाद्या लिलावात आली असती तर यातलं काहीएक कळलं नसतं, रोमन काळातला एक बुद्ध एवढंच लेबल लागलं असतं. देवळात सापडली म्हणून तिने एवढं सांगितलं.

आणि त्याच देवळातून फिलिप नावाच्या रोमन बादशहाच्या काळातला, म्हणजे इ.स. २४४ ते २४९ मधला, संस्कृत लेख मिळालाय, आणि सातवाहनांची २ नाणी! सातवाहन म्हणजे आपले पैठणचे, नाणेघाटात लेख कोरणारे. बेरेनिकेतच एका देवळात भारतीय माठात भरून ठेवलेले साडेसात किलो मिरे सापडलेत, आणि सागवानी लाकूड पण.

आता सोपारा. पहिल्या शतकात एका ग्रीक माणसाने बंदरांची माहिती लिहून ठेवलीय, पेरिप्लस म्हणतात तिला, त्यात कुठे काय विकतं, कुठे वाळूत जहाज रुततं असं सगळं आहे. त्यात सुप्पारा येतं, कल्लिएना म्हणजे कल्याण येतं आणि सिमुल्ला म्हणजे चौल. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भरुचला उतरायचा हेही त्यात आहे, पैठण भरुचपासून २० दिवसांच्या वाटेवर असं दिलंय. जहाजं जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघायची आणि आपल्याकडचा पावसाळी वारा त्यांना इथे आणून सोडायचा. तरी बेरेनिकेतला तो बुद्ध घडवून घेणारा सोपाऱ्याचाच होता असं कोणी ठासून सांगितलं तर मात्र मानू नका, तो भरुचचा असेल, केरळचा असेल. आपण एवढंच म्हणू शकतो की ज्या बंदरांची बेरेनिकेशी ये-जा होती त्यात तुमचं गाव होतं, आणि मला तरी एवढं पुष्कळ वाटतं.

आणि काका, तुम्ही स्तूप बघितलाय ना? स्टेशनहून रिक्षेने जाता येतं. पूर्वी लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते मधोमध उकरलं, विटांच्या खोलीत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती ब्राँझच्या ८ बुद्धमूर्ती, तांब्याच्या करंडकात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा, आणि सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सोन्याची फुलं होती, सातवाहनांचं एक चांदीचं नाणं होतं. हे सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्यालाच अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला, तो काळा घोड्याच्या म्युझियममध्ये आहे, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली शेजारच्या भुईगावला मिळाला. मी पहिल्यांदा स्तूपापाशी गेले तेव्हा एक आजोबा सावलीत पेपर वाचत बसले होते, बाकी कोणी नाही, आणि विरारची गाडी रोज लाखो माणसांना घेऊन इथूनच जाते या विचाराने मला भरून आलं होतं. मुलीला घेऊन जा, सकाळी लवकर जा.

प्रश्न: पिरॅमिडखाली ६०० मीटर खोल खांब आणि आख्खं शहर सापडलं असा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आणि आमच्या सासूबाईंना घटोत्कचाच्या सांगाड्याचा फोटो आलाय. त्यांना काय सांगू? (मुलुंड, आणि असंच विचारणारे आणखी ६ जण)

आधी फोटोचं सांगते कारण ते सोपं आहे. २००० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्क या ठिकाणी मॅस्टोडॉन, म्हणजे हत्तीसारख्या नामशेष प्राण्याची हाडं खणून काढली, त्या कामाचा वरून काढलेला फोटो होता. २००२ मध्ये कोणीतरी फोटोशॉपच्या स्पर्धेसाठी त्यात माणसाचा सांगाडा बसवला. बास. त्यावर मग जगभरात ज्याने त्याने आपापल्या पुराणातलं नाव लावलं, आपल्याकडे घटोत्कच झाला. सासूबाईंना खोटं पाडल्यासारखं करू नका, मूळ मॅस्टोडॉनच्या कामाचे फोटो दाखवा, ते पण भारी आहेत.

पिरॅमिडचं जरा वेगळं. २०२५ च्या मार्चमध्ये इटलीच्या काही संशोधकांनी सॅटेलाइटच्या रडारवरून खाफ्रेच्या पिरॅमिडखाली एवढं खोल बांधकाम दिसतंय असा दावा केला. तो इतर तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या पेपरमधून आलेला नव्हता, पत्रकार परिषदेतून आला होता, आणि इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्यासकट या क्षेत्रातल्या लोकांनी तो फेटाळला. कारण साधं आहे, हे रडार कोरड्या वाळूतसुद्धा फार तर काही मीटर आत जातं, अख्ख्या खडकातून शेकडो मीटर नाही. आपल्याकडे मेट्रोचा बोगदा खणायच्या आधी २०-२५ मीटर खाली कसला दगड आहे हे कळायला जागोजागी बोअर मारून नमुने काढावे लागतात ते आठवा.

वाईट एवढ्याचंच वाटतं की त्या व्हिडिओमुळे खरी गोष्ट मागे राहते. अवकाशातून येणारे किरण वरच्या हवेवर आदळून म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि सतत आपल्यावर पडत असतात, ते दगडातून जाताना काही अडतात, पोकळी असेल तिथून जास्त पार होतात, म्हणजे हाडाच्या एक्स-रेसारखंच. ते मोजून २०१७ मध्ये खुफूच्या मोठ्या पिरॅमिडात निदान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचं कळलं, आणि उत्तरेकडच्या मूळ दरवाजामागे आणखी एक जागा दिसत होती तिथे फटीतून बारीक कॅमेरा घातला तर खरंच ९ मीटरचा बोळ निघाला! ते २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर झालं. साडेचार हजार वर्षांत त्या बोळात कोणी डोकावलं नव्हतं. आधी मोजमाप, मग कॅमेरा, मग बातमी, या क्रमाने आलेलं ते मी मानते.

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआयने जळालेली पुस्तकं वाचली म्हणतात ते नक्की काय आहे, आणि माझ्यासारख्याला या क्षेत्रात काही करता येईल का? (डोंबिवली)

नक्की येईल, आणि तुझ्याच वयाच्या मुलाने ते केलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

इ.स. ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, पॉम्पेई आपल्याला माहीत असतं, तिच्याच जवळचं हर्क्युलेनियमही गाडलं गेलं. तिथल्या एका श्रीमंत घरात लायब्ररी होती, पपायरसच्या गुंडाळ्या, त्या उष्णतेने कोळसा झाल्या पण कोळसा झाल्या म्हणूनच टिकल्या. १७५२ पासून त्या निघायला लागल्या, तुकडे धरून १८०० च्या आसपास आहेत. उलगडायला गेलं की चुरा. कित्येक गुंडाळ्या तशाच वाया गेल्या आणि उरलेल्या शेवटी लोकांनी कपाटात ठेवून दिल्या.

केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स २० वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते, की न उघडता स्कॅन करायचं आणि कॉम्प्युटरवर उलगडायचं. अडचण अशी की शाई काजळीची, म्हणजे कार्बन, आणि जळालेला पपायरस पण कार्बन, मग स्कॅनमध्ये अक्षर दिसणार कसं. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सगळा डेटा जगासाठी खुला करून बक्षिसं लावली. कोणाच्या तरी नजरेत आलं की शाई वाळल्यावर पृष्ठभागावर चिखल वाळून तडकतो तशी बारीक नक्षी उमटलीय. मग लूक फॅरिटर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या नक्षीवर मॉडेल शिकवलं आणि ऑक्टोबरमध्ये एक पूर्ण शब्द वाचता आला, पोर्फिरास, म्हणजे जांभळा. दोन हजार वर्षांनी पहिला शब्द काय निघाला तर रंगाचा! मग त्याने, युसेफ नादेर आणि ज्युलियन शिलिगर यांनी मिळून २००० हून जास्त अक्षरं काढली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ७ लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं. मजकूर सुखाबद्दल आहे, खाणं, संगीत, आणि दुर्मिळ गोष्ट जास्त आनंद देते की मुबलक असलेली असा विचार त्यात चाललाय, बहुधा फिलोडेमस या तत्त्वज्ञाचा. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गुंडाळीचं तर नावसुद्धा वाचलं, दुर्गुणांविषयी.

पण एक लक्षात घे, मॉडेलने फक्त शाई कुठे आहे ते दाखवलं. अक्षर कुठलं, शब्द कुठला, वाक्य कुठलं हे जुनी ग्रीक हस्तलिखितं वाचण्यात आयुष्य घातलेल्या लोकांनी सांगितलं. म्हणून तुला सल्ला एकच, कोडिंग येतंच आहे तर मोडी शीक. पुण्याला पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. दोन्ही येणारा माणूस आपल्याकडे फार हवाय. कलिन्याला मुंबई विद्यापीठात पुरातत्त्वाचे पार्टटाइम कोर्स असतात त्याचीही चौकशी कर, नोकरी करणारे लोक येतात तिथे, तू तर कॉलेजातच आहेस.

प्रश्न: आम्ही मे महिन्यात रत्नागिरीला कातळशिल्पं बघितली. ती दहा हजार वर्षांपूर्वीची आहेत हे कसं कळतं? दगडावर तर तारीख नसते. (इयत्ता सातवी, बोरिवली)

अगं किती नेमका प्रश्न विचारलास! तारीख काढायची सगळ्यात माहितीतली पद्धत कार्बनची. झाडं, प्राणी, माणसं जिवंत असेपर्यंत कार्बन-१४ घेत असतात, मेल्यावर तो हळूहळू कमी होतो, ५७३० वर्षांत निम्मा, त्यावरून वय काढतात. पण जांभा दगड कधी जिवंतच नव्हता, म्हणून खोदलेल्या रेषेला ही पद्धत लागू पडत नाही. मग आजूबाजूचे पुरावे जमवायचे. चित्रात कुठले प्राणी आहेत? गेंडा आहे, तो आज कोकणात नाही, म्हणजे तिथली हवा आणि रान वेगळं होतं तेव्हाचं असेल. शेतीचं, नांगराचं काही काढलंय का? नाही. जवळपास दगडी हत्यारं मिळतात का? सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत खणल्यावर मिळालीत. अशा गोष्टी जोडत जोडत अंदाज बांधतात, म्हणून तुला कोणी दहा हजार म्हणेल, कोणी आणखी मागे नेईल, कोणी अलीकडे आणेल.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी उन्हातान्हात सडे, म्हणजे कातळाची माळरानं, तुडवून, गुराख्यांना विचारून यातली कितीतरी चित्रं शोधलीत, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती बघितलास का, त्याच्या पोटात किती मासे आणि प्राणी कोरलेत! पुढच्या वेळी जाशील तेव्हा रेषांवर पाय देऊ नको आणि फोटो नीट यावा म्हणून कोणी खडू फासत असेल तर तसं करू नका म्हणून त्यांना सांग.

आणि तुझ्या घराजवळचं एक सांगते. बोरिवलीच्या पुढचं स्टेशन कांदिवली, तिथे जमिनीच्या थरांतून टॉड नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने दगडी हत्यारं गोळा केली होती, १९३९ मध्ये त्यावर लिहिलं. आज तिथे सगळ्या सोसायट्या आहेत.

प्रश्न: सिंधू लिपी वाचली असं यूट्यूबवर दर महिन्याला कोणीतरी सांगतं. मग बक्षीस का मिळत नाही त्यांना? (ठाणे)

कारण अजून वाचलेली नाही. तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी २०२५ च्या जानेवारीत १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ब्राह्मी वाचताना अभ्यासकांकडे एका बाजूला ग्रीक असलेली नाणी होती, इजिप्तच्या लिपीसाठी रोझेटाचा दगड होता. सिंधू लिपीसाठी असा दोन भाषांतला एकही लेख नाही, आणि मुद्रांवर सरासरी ५ चिन्हं, एवढ्याशा मजकुरात कुठलीही भाषा बसवता येते. नवीन वाचन आलं की एकच बघा, तीच रीत दुसऱ्या मुद्रांना लावून अर्थ निघतो का.

प्रश्न: परळमध्ये जमिनीतून निघालेला शंकर आहे म्हणतात, कुठे बघायला मिळेल? (लालबाग)

बारादेवीच्या देवळात. १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना निघाला, साधारण १२ फुटांचा अखंड दगड आहे, मधल्या शिवातून वर आणि बाजूला शिव उमलत जातात असं वाटतं, खाली गण वाद्यं वाजवतायत. घारापुरीच्या आसपासच्या काळातला मानतात. महाशिवरात्रीला दर्शन मिळतं, एरवी काळा घोड्याच्या म्युझियममध्ये साचा काढून केलेली प्रतिकृती आहे. मी दोन्ही बघितलंय, पण देवळातल्या मूर्तीसमोर जे वाटतं ते प्रतिकृतीसमोर नाही वाटत.

प्रश्न: गावाला विहीर खोल करताना एका मडक्यात जुनी नाणी निघाली, भावाने घासून लख्ख केली, सोनार विकत घ्यायला तयार आहे. काय करावं? नाव छापू नका. (सध्या मुंबई)

नाव अर्थातच छापत नाही, आणि ताई तुम्ही विचारलंत हेच खूप झालं. आज रात्रीच भावाला फोन करा.

विकू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे, जमिनीतून निघालेल्या गोष्टीची किंमत १० रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवावंच लागतं, लपवलं तर गुन्हा होतो. कळवणाऱ्याला मोबदला मिळायची सोय त्याच कायद्यात आहे, ते लोकांना माहीत नसतं म्हणून घाबरतात आणि रातोरात वितळवून टाकतात.

आता नाण्यांचं. आणखी घासू नका, चिंच नको, लिंबू नको, राख नको. वर जो हिरवा-काळा थर असतो त्याच्याखाली अक्षरं असतात, थराबरोबर तीही जातात. सगळी एकत्रच ठेवा, चांगली चांगली वेगळी काढू नका, कारण एका मडक्यात कुठल्या कुठल्या राजाची किती नाणी आहेत यावरून ते कधी पुरलं ते कळतं. मडकं फुटलं असेल तर खापरं कुठे टाकलीत? तीही गोळा करा, प्लीज. विहिरीत किती फुटांवर निघालं, माती काळी होती की राखेसारखी पांढरी, ते भावाला आठवतंय तोवर कागदावर लिहून घ्या आणि जागेचे फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात ना, विहीर तिच्या जवळ असेल तर तेही लिहा, त्याचा फार उपयोग होतो.

मी एवढं कळकळीने का सांगतेय, तर आमच्या आजोळी देवळापाशी एक वीरगळ होता, लढाईत पडलेल्या कोणाचा तरी, लहानपणी आम्ही त्याच्याशी खेळायचो. जीर्णोद्धारात तो भिंतीत सिमेंटने बसवला आणि वरून ऑइलपेंट मारला, करणाऱ्यांनी भक्तीनेच केलं, पण त्यावर खाली दोन ओळी कोरलेल्या होत्या त्या आता कोणालाच वाचता येत नाहीत आणि तेव्हा कोणी फोटो काढला नव्हता.

कलेक्टरच्या नावाने तहसीलदार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयालाही पत्र टाका, त्यांचं ऑफिस मुंबईतच सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आवारात आहे, सीएसएमटीहून चालत जाण्यासारखं, तेव्हा तुम्ही स्वतः जाऊन दिलंत तरी होईल. आणि विहिरीचं काम चार दिवस थांबवता आलं तर थांबवा, त्या मडक्याच्या बाजूला आणखी काही असेल तर ते जेसीबीखाली जायला नको.